तिसऱ्या घरातला चंद्र

सकाळी दूध वर येऊन गॅस बंद झाला, की घरातला एकमेव मोठा आरसा सासऱ्यांच्या ताब्यात जाई. ते वाटीत कोमट पाणी घेत, ब्रश त्यात बुडवून एकदा झटकत आणि साबणाची वडी अशा एकाग्रतेने घोळवत, की पाहणाऱ्याला आज घरात काही मंगलकार्य आहे असे वाटावे. मग उजवा गाल, मग डावा, मग हनुवटी. प्रत्येक टप्प्यानंतर ते मान किंचित कलती करून आरशात पाहत. सारे आयुष्य वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेले होते. दुकानदाराच्या तराजूची दोन्ही पारडी सारखी आहेत ना, हे पाहण्याची नजर त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या गालांकडे वळवली होती. खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभे असलेले जावईबापू हा सारा विधी रोज पाहत, रोज घड्याळाकडे नजर टाकत आणि रोज काहीही बोलत नसत.

न बोलण्याचे कारण बायकोने एकदाच आणि कायमचे सांगून ठेवले होते. "मला ते ग्रह-तारे काही कळत नाहीत. मला बाबांची दाढी कळते."

सासूबाई गेल्यानंतर बाबा मुलीकडे राहायला आले. त्या पहिल्या वर्षात ते खिडकीशी बसून समोरच्या भिंतीकडे पाहत. दाढीचे खुंट वाढत, ताटातले अन्न निवत असे. मग कधीतरी ज्योतिषाच्या जुन्या छंदाची पुस्तके ट्रंकेतून बाहेर आली. एका सायंदैनिकाच्या संपादकांना महिन्यातून एकदा जागा भरायला काहीतरी हवेच होते. तिथे 'पौर्णिमा आणि जनजीवन' हे सदर सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वस्तरा मागितला. लेख कार्यालयात नेऊन देण्याचे काम जावईबापूंकडे आले, कारण ते कार्यालय त्यांच्या वाटेवर पडे. ज्योतिषावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. परंतु वाट तीच असल्यामुळे तत्त्वाचा प्रश्न उद्भवला नाही.

तो उद्भवला संपादकांच्या बाजूने. लेख हातात घेऊन ते एके दिवशी जावईबापूंना म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना सांगा, 'काहींना लाभ, काहींना हानी, प्रवासात काळजी घ्यावी' हे आमचा चहावालाही सांगतो. त्याला पंचांग लागत नाही. या पौर्णिमेला काहीतरी नेमकं लिहा म्हणावं. लोकांना दिसलं पाहिजे. दिसलं तर सदर राहील, नाहीतर मी तिथे शब्दकोडं टाकतो."

हा निरोप जावईबापूंनी शक्य तितका मऊ करून घरी पोचवला. शब्दकोड्याचा उल्लेख टाळला. परंतु बाबांनी माणसाच्या चेहऱ्यावरून मापातली खोट ओळखण्यात हयात घालवली होती. ते म्हणाले, "त्याऐवजी काय छापणार आहेत?"

"शब्दकोडं."

"आडवं-उभं," बाबा म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. बायकोने नवऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात, तुम्हाला एवढेही सांभाळता येऊ नये का, हे सविस्तर लिहिलेले होते.

पुढचे काही दिवस बाबा कुंडल्या मांडत राहिले, आणि पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात लेख छापून आला. जावईबापूंनी तो कार्यालयात, स्वतःच्या टेबलाशी बसून वाचला. हे कार्यालय म्हणजे शहराच्या मुख्य बसस्थानकातला हरवलेल्या सामानाचा विभाग. तिथे ते एकटेच अधिकारी, एकटेच कर्मचारी आणि बहुतेक दिवस एकटेच माणूस असत. चालक-वाहक त्यांना 'सापडलेसाहेब' म्हणत. यात आदर किती आणि थट्टा किती, याचा शोध त्यांनी कधी घेतला नव्हता.

लेखात लिहिले होते: पौर्णिमा म्हणजे रवी आणि चंद्र समोरासमोर, रवी म्हणजे राजसत्ता आणि अधिकारी, चंद्र म्हणजे प्रजा. या वेळी चंद्र तृतीय स्थानात, म्हणजे प्रवासाच्या आणि वाहतुकीच्या घरात आहे. समोर रवीजवळ बुध वक्री असून त्याची पूर्ण दृष्टी चंद्रावर पडते. बुध वक्री असता गेलेले परत येते. 'सबब या दिवशी वाहतूक खात्याच्या अडगळीत पडून राहिलेल्या वस्तू आपापल्या मालकांकडे परत जातील, आणि कोणी दडवून ठेवलेल्या वस्तूही उघडकीस येतील.'

जावईबापूंनी शेवटचे वाक्य पुन्हा वाचले. चंद्राबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. बुधाने कुठेही जावे, कसेही परतावे. परंतु 'अडगळ' हा शब्द त्यांच्या काळजात रुतला. त्यांच्या मागच्या मांडण्यांवर छत्र्या एका बाजूला, चष्मे एका बाजूला, पिशव्या बंदांच्या लांबीनुसार लावलेल्या होत्या. एकाकी चपलांना त्यांनी वेगळा कप्पा दिला होता, ज्यात डाव्या आणि उजव्या एकमेकींकडे पाठ करून ठेवल्या जात, म्हणजे उगाच आशा वाटू नये. याला अडगळ म्हणायचे तर व्यवस्था कशाला म्हणायचे?

घरी गेल्यावर ते म्हणाले, "बाबा, जगात इतकी सार्वजनिक खाती आहेत. चंद्राला नेमकं माझंच सापडलं?"

"तृतीय स्थान वाहतुकीचं. त्याला माझा इलाज नाही," बाबा म्हणाले. थोडे थांबून त्यांनी प्रामाणिकपणे भर घातली, "आणि जावईबापू, आतून माहीत असलेलं असं मला एकच खातं आहे. नेमकं लिहा म्हणाले ना ते."

इथवर सारे ठीक होते. परंतु जावईबापूंच्या मनात त्या रात्री एक कुतूहल शिरले, आणि कुतूहल हे चिलटासारखे असते. दिसत नाही, पण झोपू देत नाही. असे झाले तर? चंद्रामुळे नव्हे, ते शक्यच नाही. पण झाले तर? आणि नाही झाले, तर ते का झाले नाही याचे कारण तरी स्वच्छ असायला हवे. लोक आले आणि वस्तू मागच्या अंधाऱ्या मांडण्यांवर त्यांना दिसल्याच नाहीत, तर दोष बुधाचा की मांडणीचा? न्याय्य परीक्षा व्हायची तर वस्तू उजेडात, टेबलांवर मांडायला हव्यात. फक्त चार टेबले लागतील, असे ते बायकोला म्हणाले. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या 'फक्त'मधून निघाल्या.

टेबले भांडारात होती. भांडारप्रमुखाने अर्ज वाचून सांगितले की टेबले मिळतात, पण ती 'कार्यक्रमा'साठी. रोजच्या कामासाठी टेबल हवे असेल तर मुख्यालयातून मंजुरी, आणि ती यायला दोन-तीन पौर्णिमा सहज जातील.

"मग कार्यक्रम समजा," जावईबापू म्हणाले.

"समजून चालत नाही. कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे लागतात. अर्जात तशी ओळ आहे, ती कोरी ठेवता येत नाही."

पाहुणे शोधत ते डेपो मॅनेजरांकडे गेले. मॅनेजर उंच, गंभीर आणि मनाने बरे गृहस्थ होते. ऊन असो की सावली, एक काळी छत्री त्यांच्या हातात असेच. आपल्या डेपोत आजवर एकही कार्यक्रम झाला नाही ही खंत त्यांना होतीच. त्यांनी प्रमुख पाहुणेपद स्वीकारले, अध्यक्षपदही स्वतःकडे ठेवले आणि भाषणाला किती वेळ मिळेल अशी चौकशी केली. अशा रीतीने चार टेबलांचे एक उद्घाटन होऊन बसले.

बातमी राहत्या इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या बिऱ्हाडातले वकीलसाहेब जिन्यातच उभे राहून म्हणाले, "एकाची वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली, तर जबाबदार कोण? तुम्ही. व्यक्तिशः."

"गेल्या इतक्या वर्षांत एकदाही गेलेली नाही," जावईबापू म्हणाले. हे खरे होते, आणि त्यामागे त्यांची एक पद्धत होती. वस्तू मागायला आलेल्याला ते तिचा दोष विचारीत. रंग, आकार, कापड हे कोणीही अंदाजाने सांगतो. परंतु खरा मालक म्हणतो, पिशवीचा उजवा बंद उसवलेला आहे. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली आहे. डब्याचे झाकण तिरके बसते. खोटा माणूस गुण सांगतो, खऱ्याला खोड ठाऊक असते. ही पद्धत त्यांनी कोणाकडून उचलली नव्हती, आणि तिचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा ते बोलून दाखवत नसत.

"बरं आहे," वकील म्हणाले. "पण मी तुम्हाला सांगितलं होतं, एवढं लक्षात ठेवा."

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींचा सल्ला वेगळा होता. त्या बायकोला म्हणाल्या, "चार लोकांत मांडायचं सामान, ते असं कळकट मांडतात का? लोक काय म्हणतील, यांच्या घरात बाई आहे की नाही?" सामान घरातले नाही हे बायकोने सांगून पाहिले. मावशी म्हणाल्या, "नवरा घरातला आहे ना?"

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी जावईबापू टेबलांची पोच, टेबलांवरच्या चादरींची वेगळी पोच आणि पाहुण्यांच्या खुर्चीची त्याहून वेगळी पोच घेत भांडारात अडकून पडले. संध्याकाळी विभागात परतले तेव्हा दार उघडे होते. आत मावशी शिवणाचा डबा मिटत होत्या, बायको शेवटची छत्री पुसत होती आणि दोघींच्या चेहऱ्यांवर एक पुण्यकर्म पार पडल्याचे समाधान होते. उसवलेले बंद शिवलेले होते. शर्टांना बटणे लागली होती. चष्म्यांचे दोरे काढून तिथे बारीक तार आली होती. डब्यांची तिरकी झाकणे वकिलांच्या घरच्या हातोडीने सरळ झाली होती. मांडणीवरच्या एकूण एक वस्तूची खोड गेली होती.

जावईबापू स्टुलावर बसले.

"बघा, बोलताही येत नाही त्यांना," मावशी कौतुकाने म्हणाल्या.

पौर्णिमेचा दिवस उजाडला तोच गर्दी घेऊन. सायंदैनिक इतके लोक वाचतात हे संपादकांनाही ठाऊक नसावे. उद्घाटनाआधीच रांग फलाटापर्यंत गेली. टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यांवर नव्यासारख्या झळकणाऱ्या वस्तू, आणि मधोमध खुर्चीत मॅनेजर, त्यांची छत्री समोर टेबलावर आडवी. त्यांनी भाषण केले. हरवणे ही मानवी प्रवृत्ती आहे आणि सापडणे ही खात्याची, असा त्याचा आशय होता. भाषण लांबले, तसतशी रांग पुढे सरकत त्यांच्याच खुर्चीला टेकली. संपादकांनी पाठवलेला बातमीदार गळ्यात कॅमेरा अडकवून कोपऱ्यात उभा होता.

पहिले गृहस्थ पुढे आले. "पिशवी. निळी. उजवा बंद उसवलेला."

निळी पिशवी समोरच होती. दोन्ही बंद धडधाकट. जावईबापूंनी ते ओढून पाहिले. वर्षानुवर्षे त्यांनी पाळलेला नियम सांगत होता, की हा माणूस खोटा आहे; आणि माणसाच्या चेहऱ्यावर तर पिशवी ओळखल्याचा आनंद स्पष्ट दिसत होता. "थोडं बाजूला थांबता का?" ते म्हणाले. दुसऱ्या बाईंच्या डब्याचे झाकण तिरके हवे होते. ते सरळ होते. त्या बाजूला थांबल्या. तिसऱ्याच्या शर्टाला बटण नको होते, ते होते. हळूहळू 'बाजूला' ही जागा रांगेपेक्षा मोठी झाली, आणि तिथे उभे असलेले लोक आपापसांत बोलू लागले. आपली वस्तू समोर दिसते आहे आणि ती सुधारल्यामुळे आपल्याला मिळत नाही, हा अनुभव त्यांना नवा होता.

"पौर्णिमेचा परिणाम," एकजण म्हणाला.

"कसला परिणाम? यांनी वस्तू बदलल्यात," दुसरा म्हणाला.

रांगेत काही वेगळीच मंडळीही होती. एकाची तक्रार अशी, की त्याने बसमध्ये रुमाल टाकून जागा धरली होती. खाली उतरून पाणी पिऊन आला, तर रुमाल नाही, जागा नाही आणि बसही नाही. यांतले काय काय परत मिळेल, असे तो विचारत होता. आणखी एक आजी काहीच हरवले नसताना, कदाचित आपल्याला ठाऊक नसलेले काही हरवले असेल म्हणून बघायला आल्या होत्या.

तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातल्या एक परिचारिका रांग सोडून थेट टेबलापाशी आल्या. "माफ करा, मला कामावर जायचंय. छत्री आहे. काळी. एक काडी वाकलेली, ती मी सलाईनच्या नळीच्या तुकड्यानं बांधली होती. आणि मुठीवर दातांचे ठसे आहेत. माझ्या मुलाला दात येत होते तेव्हा तो तीच चावायचा."

जावईबापूंनी छत्र्यांच्या ओळीकडे पाहिले. तिथल्या साऱ्या छत्र्यांच्या काड्या सरळ होत्या. मावशींनी एकही सोडली नव्हती. मग त्यांची नजर आपोआप टेबलाच्या मधोमध गेली. पाहुण्यांच्या समोर आडव्या ठेवलेल्या छत्रीच्या एका काडीवर पारदर्शक नळीचा तुकडा दिसत होता. मूठ दिसत नव्हती, कारण तिच्यावर मॅनेजरांचा हात होता. आणि तो हात, साऱ्या रांगेच्या डोळ्यांदेखत, अतिशय सावकाश मागे आला.

ठसे लहान होते. वरचे दोन, खालचे दोन.

बातमीदार कोपऱ्यातून एक पाऊल पुढे सरकला. मॅनेजरांचा चेहरा आधी तांबडा, मग पांढरा झाला. जावईबापूंना आठवले, की मागे एका दुपारी साहेबांनी 'जरा नेतो' म्हणून मांडणीवरून एक छत्री नेली होती. 'जरा' हा शब्द खात्यात फार लवचीक असतो. त्या एका क्षणात त्यांच्या हाती बरेच काही होते. बाबांच्या लेखातले वाक्य अक्षरशः समोर घडत होते: अधिकारी समोर, प्रजा समोर आणि दडलेली वस्तू उघडी. बातमीदाराला एक शब्द पुरला असता. आणि तो शब्द ऐकून घरी एक म्हातारा माणूस कदाचित जन्मात झाला नसेल इतका खूष झाला असता.

"साहेबांनी ती स्वतःच्या ताब्यात ठेवली होती," जावईबापू म्हणाले. "म्हणून तर टिकली. बाकीच्यांची काय दशा झाली ते बघताच आहात."

मॅनेजर उभे राहिले. त्यांनी छत्री दोन्ही हातांनी उचलली आणि पदवीदान करावे तशी परिचारिकेला दिली. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. बातमीदाराने छायाचित्र घेतले. परिचारिका जाता जाता मुठीवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "तो आता तुमच्याएवढा उंच झालाय, साहेब." आणि त्या निघून गेल्या. मॅनेजरही थोड्या वेळाने उन्हातून, रिकाम्या हातांनी गेले.

'बाजूला' थांबलेल्यांचा प्रश्न बायकोने सोडवला. ती घरी जाऊन मावशींना घेऊन आली. मावशी टेबलाशी बसल्या आणि साक्ष देऊ लागल्या. "निळी पिशवी? हो, उजवाच. उसवला कसला, लोंबत होता. धागा बघा, माझाच आहे." आपली खोड कोणाच्या तरी हातून दुरुस्त झाली आहे हे कळल्यावर माणसे वस्तू घेत, उलटसुलट पाहत आणि जराशी ओशाळत. एकाने विचारले, शिलाई किती द्यायची. मावशी म्हणाल्या, "पुढच्या वेळी हरवू नका म्हणजे झालं."

परंतु जावईबापूंना ज्याने सर्वांत अधिक चक्रावून टाकले, ते निराळेच होते. टेबले रिकामी व्हायला हवी होती. ती होत नव्हती. एक पिशवी गेली, की तिच्या जागी काहीतरी दुसरे येऊन बसे: पितळी कुलूप, दुर्बीण, पोस्टाचा शिक्का नसलेले एक छोटे पार्सल, लहान मुलाची लाकडी गाडी. यातले काहीही त्यांच्या मांडणीवर कधी नव्हते. लोक रांगेत येत, टेबलापाशी क्षणभर वाकत आणि काहीच न मागता निघून जात. भाकिताच्या पहिल्या अर्ध्या भागाने ज्यांचे हरवले ते आले होते. दुसऱ्या अर्ध्या भागाने ज्यांना सापडले ते.

त्यातल्या एका वयस्क गृहस्थांना ते जमले नाही. गाडी टेबलावर ठेवताना जावईबापूंशी त्यांची नजरानजर झाली आणि ते तसेच उभे राहिले. "मला बसमध्ये मिळाली होती," ते म्हणाले. "मुलगी रडत होती. म्हटलं, आजच्या दिवस खेळू दे."

"कधीची गोष्ट?"

"आता त्या मुलीला मुलगी आहे." मग खालच्या आवाजात, "पेपरात यायचं नाही ना नाव?"

"कसलं नाव," जावईबापू म्हणाले. "गाडी सापडली, एवढंच."

सायंदैनिकात दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर परिचारिका, मॅनेजर आणि मधे छत्री असे छायाचित्र आले. खाली लिहिले होते, 'पौर्णिमेचे भाकीत खरे ठरले'. मॅनेजरांनी त्या पानाच्या प्रती मागवल्या. बाबांनी छायाचित्र बराच वेळ, मान कलती करून पाहिले. बायकोने त्या दिवशी नवऱ्याला न मागता दुसरा चहा दिला. सदर राहणार हे उघड होते.

राहिलेच, आणि तिथेच खरी पंचाईत झाली. संपादकांनी जावईबापूंना मुद्दाम आत बोलावले, खुर्ची दिली. "छान झालं. पण छत्र्या-बित्र्या आता पुरे. पुढच्या पौर्णिमेला जरा तिखट येऊ द्या. दंगा, अपघात, कुणाची खुर्ची जाणार, असं काही. लोक आता तुमच्या सासऱ्यांचं ऐकतात. याहून मिळमिळीत आलं तर उपयोग नाही. शब्दकोडं तयारच आहे."

हा निरोप मात्र जावईबापूंनी मऊ केला नाही. मऊ करण्यासारखा तो नव्हता.

बाबांनी कुंडली मांडली आणि दोन दिवसांनी संध्याकाळी, बायको स्वयंपाकघरात असताना, जावयाला खोलीत बोलावले. "तिखटच आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान नव्हते. "चंद्र चतुर्थात आहे. ते प्रजेचं घर. शेजारी मंगळ. फळ सरळ आहे: गर्दीच्या ठिकाणी संताप, धक्काबुक्की, चेंगराचेंगरी. मी काही पदरचं घालत नाही. मापात जेवढं येतं तेवढंच लिहिलंय." त्यांनी कागद पुढे केला.

जावईबापूंनी वाचला. एरवी ते म्हणाले असते की हे सगळे थोतांड आहे, आणि मग जेवायला बसले असते. परंतु वाचता वाचता त्यांना आपले बसस्थानक दिसू लागले. येत्या पौर्णिमेला फलाटावर उभे राहिलेले लोक दिसले, आणि प्रत्येकाने वाचलेले, की आज धक्काबुक्की होणार. म्हणजे शेजारचा ढकलणार. म्हणजे आपण आधी पुढे घुसलेले बरे. दारात पाय, पायावर पाय, कोपराला कोपर. टेबलावर लाकडी गाडी ठेवून जाणारी तीच माणसे.

"बाबा, हे छापू नका," ते म्हणाले.

"का? खोटं ठरेल म्हणून?"

"खरं ठरेल म्हणून."

बाबांनी चष्मा काढला. "जावईबापू, तुमचा विश्वास बसला म्हणायचा?"

"ग्रहांवर नाही. वाचणाऱ्यांवर."

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. बाबा म्हणाले, "छापलं नाही तर सदर जाईल. आणि दुसरं काही लिहायचं, तर ते पत्रिकेत असायला नको का? दिसतंय एक आणि लिहायचं एक, असं मला जमणार नाही. आयुष्यभर मी लोकांच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण खरवडून काढलं. आता स्वतःच्याच लावू?"

जावईबापूंनी कागदाकडे पाहिले. मंगळाविषयी त्यांना काहीच माहीत नव्हते, आणि ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला जो एकच प्रश्न विचारता येतो, तो त्यांनी विचारला. "मंगळाला दुसरं काही काम नसतं का? कायम मारामारीच?"

"छे. पुष्कळ असतं. जमीन, रक्त, अंगातलं बळ..." बाबा बोटांवर मोजता मोजता थांबले. "मंगळ भावाचा, बंधूचा कारक आहे," ते सावकाश म्हणाले. मग पुस्तक ओढले, पान काढले आणि तिथे लिहिलेले आहे ना याची खात्री करून घेतली. खात्री झाल्यावरही ते त्या पानाकडे पाहत राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "तुमच्या त्या स्टँडवर लोकांकडे सामान फार असतं का हो?"

"बाबा, मी त्यावरच जगतो."

त्यांनी जुना कागद चार घड्या घालून पुस्तकात ठेवला, नवा घेतला आणि लिहायला सुरुवात केली. जावईबापू बाहेर येऊन जेवायला बसले. बायकोने विचारले, "काय चाललंय आत?" "काही नाही, मंगळाला दुसरं काम शोधतायत," ते म्हणाले.

सकाळी पाकीट त्यांच्या हातात आले तेव्हा ते उघडेच होते. जिन्यात त्यांनी वाचले. चंद्र चतुर्थात, शेजारी मंगळ. मंगळ हा बळाचा आणि भावाचा कारक. 'सबब या दिवशी सार्वजनिक ठिकाणी लोकांच्या अंगी विशेष बळ संचारेल, आणि ज्यांच्याजवळ जड सामान आहे त्यांना अनोळखी माणसे भावासारखा हात देतील.' अक्षर नेहमीसारखे, एकसारख्या उंचीचे. एकही खाडाखोड नव्हती.

सायंदैनिकाच्या कार्यालयात संपादक आलेले नव्हते. दारातल्या शिपायाने पाकीट घेतले आणि बंद नाही हे पाहून डोळे मिचकावले. "या वेळी काय आहे, साहेब? लोक विचारतायत. कुणाचं काय होणारे?"

जावईबापूंनी त्याच्या हातातून पाकीट परत घेतले, त्याची कड जिभेने ओली करून नीट चिकटवली आणि पुन्हा त्याच्या हातात दिले.

"जड सामान आहे," ते म्हणाले, आणि कामावर गेले.